अकोल्याची गाडी

नगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चौकशीच्या खिडकीवरच्या घड्याळात दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मी आईला तसं सांगितलं. वेळ सांगायचं काम माझंच असे. मी आठ वर्षांची होते, घड्याळ नुकतंच पक्कं झालं होतं आणि सरसकट "पावणेअकरा" म्हणून मोकळं होणाऱ्या माणसांचा मला राग यायचा.

आईच्या खांद्यावर चिनू होता आणि हातात बॅग. चिनू तीन वर्षांचा. बार्शीहून जामखेडपर्यंत तो दोनदा ओकला होता. लिंबू हुंगवून झालं होतं, आवळासुपारी देऊन झाली होती. आता तो मान टाकून पडला होता. बॅगेचा एक बंद मी धरला होता, पण बॅग जड होती. शिर्डीला दोन दिवस जायचं तर एवढी जड का, असं मी घरीच विचारलं होतं. चिनूचे कपडे जास्त लागतात, असं आई म्हणाली. ते खरं होतं. पण बॅग भरताना मी पाहिलं होतं की तळाशी आम्हा दोघांचे स्वेटर होते आणि माझं प्रगतिपुस्तक होतं. जून महिना होता. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते.

आदल्या दिवाळीत चिनूला टायफॉइड झाला होता. तेव्हा आई शिर्डीचा नवस बोलली, असं आईनेच नंतर घरात सांगितलं. नवस फेडायला हवा, यावर आजीचं दुमत नव्हतं आणि आजीचं दुमत नाही म्हटल्यावर पप्पांना नाही म्हणता येईना. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात जळालेल्या पाण्याच्या मोटारींचा ढीग तिथं पडलेला होता, त्यामुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. नाशिकहून वंदनामावशी परस्पर शिर्डीला येणार होती. पप्पांची अट एकच होती. नगरला उतरलं की फोन करायचा.

आई आधी चौकशीच्या खिडकीवर गेली.

"अकोल्याची गाडी किती वाजता आहे?"

"आई, शिर्डीची," मी म्हटलं.

"ती तिकडूनच जाते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

आतल्या माणसाने सव्वाअकरा, फलाट सात, असं सांगितलं. आईने विचारलं, पोचेल किती वाजता. तीन, तो म्हणाला. आईने विचारलं, पाचच्या आत नक्की पोचेल ना. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"ताई, तीन म्हणजे पाचच्या आतच की."

मागे रांगेतले लोक हसले. आईसुद्धा हसली. अनोळखी माणसांत आईला हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

पप्पांबद्दल इथं सांगायला हवं. दुकानात जाताना ते घराला बाहेरून कुलूप लावत. आत आजी असे आणि आई असे. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन किल्ली आणायची आणि दार उघडायचं. मैत्रिणींनी विचारलं की मी सांगायची, आमच्या गल्लीत चोऱ्या होतात. किल्ली देताना पप्पा मला विचारत, काल घरी कोण आलं होतं, आई खिडकीतून कुणाशी बोलली, पोस्टमन आला होता का. मी क्रमाने सांगायची. त्यांना क्रम आवडायचा. माझ्या पोरीला सगळं दिसतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मला चिंचेची गोळी देत. मार्चमध्ये आईच्या मनगटाला प्लास्टर होतं. न्हाणीघरात घसरून पडली, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. मीही सांगितलं. फक्त, तिच्या आधी न्हाणीघरातून मीच बाहेर आले होते आणि फरशी कोरडी होती. ते माझ्या लक्षात होतं, तेवढंच. निरीक्षण होतं, अनुमान नव्हतं.

वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर एक रुपयाचं नाणं टाकायचा लाल फोन होता. आईने नंबर फिरवण्याआधी मला आणखी एक रुपया दिला आणि स्टँडवरचं वजनाचं यंत्र दाखवलं. ते दिव्यांचं होतं, चक्र फिरायचं आणि खालून वजनाचं तिकीट पडायचं. जा, वजन करून ये, ती म्हणाली. एरवी मी धावले असते. पण फोन पप्पांना होता आणि प्रवासात पप्पांशी बोलायचा माझा मान होता. म्हणून मी नाणं मुठीत धरून तिथंच उभी राहिले.

आई भराभर बोलली. नीट पोचलो, चिनू जरा ओकला, आता शिर्डीच्या गाडीत बसतोय, वंदना तिकडे येईलच. पलीकडून पप्पा काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, ती वजन करायला गेलीय.

"मी इथंच आहे," मी मोठ्याने म्हटलं.

आईने रिसीव्हर माझ्याकडे दिला. द्यावाच लागला. तेवढ्यात चिनूला पुन्हा उमासा आला आणि त्याला घेऊन ती समोरच्या नळाकडे धावली. नळ सात-आठ पावलांवर होता.

आमचा एक खेळ होता. मला वाचायला पप्पांनी एसटीच्या पाट्यांवरून शिकवलं होतं. कुठंही गेलं की ते विचारत, पाटी काय? आणि मी पाटी जशीच्या तशी म्हणून दाखवायची.

"पाटी काय, ऋजू?" पप्पांनी विचारलं.

"अजून गाडी लागली नाही. पण आपण अकोल्याच्या गाडीत बसणार आहोत."

 पप्पांच्या मागे दुकानात कुणीतरी पत्र्यावर ठोकत होतं, ते ऐकू येत होतं.

"अकोल्याच्या," ते म्हणाले. "आई म्हणाली असं?"

"हो. ती तिकडूनच जाते."

"अस्सं. म्हणजे मालूकडं चाललाय तुम्ही." त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "तरीच महिनाभर मालूची पत्रं येत होती. विदर्भात उन्हं फार आहेत म्हणावं. बरं, आईला सांगू नको मी विचारलं म्हणून."

मालूमावशी आईची डी.एड.ची मैत्रीण. ती अकोल्याला राहायची. विदर्भातल्या. फोनमध्ये टुकटुक वाजायला लागलं. मिनिट संपत आलं की तसं वाजायचं आणि दुसरं नाणं टाकलं नाही की फोन तुटायचा.

त्याच वेळी सात नंबरच्या फलाटावर एक गाडी मागे येत येत लागली. पाटी मला स्पष्ट दिसत होती.

आता इतक्या वर्षांनी तो क्षण मी अनेकदा तपासला आहे. मी काहीही केलं नसतं तर फोन आपोआप तुटला असता. गाडी सव्वाअकराला सुटली असती. पप्पा दुपारच्या गाडीने परभणीकडे निघाले असते आणि रात्रभर प्रवास करून विदर्भातल्या अकोल्यात, मालूमावशीच्या दारात उभे राहिले असते. पण पप्पांना चुकीचं कळलं होतं आणि चूक तशीच ठेवून द्यायची मला सवय नव्हती. मी वजनाचा रुपया फोनच्या फटीत टाकला.

"पप्पा, अकोला नाही," मी म्हटलं. "अकोले. ल ला मात्रा आहे, काना नाही. नगर, संगमनेर, अकोले. अकोल्याला म्हटलं की दोन्ही सारखंच ऐकू येतं."

आई नळावरून परत येत होती. तिने पदराने चिनूचं तोंड पुसलं होतं आणि तो पदर ओला होता. माझं शेवटचं वाक्य तिने ऐकलं. तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला नाही, हळूच जागेवर ठेवला.

"काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं, क्रमाने. मात्रेचंही सांगितलं. शुद्धलेखन मला आईने शिकवलेलं होतं, त्यामुळे तिला बरं वाटेल, असं मला वाटत होतं.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "मात्राच आहे."

मग ती पुन्हा चौकशीच्या खिडकीवर गेली. संगमनेर टाळून अकोल्याला जाता येईल का, असं तिने विचारलं. त्या माणसाला प्रश्नच कळेना. संगमनेर टाळायचं कशाला, तिथं काय आहे? आई म्हणाली, काही नाही, असंच. तो म्हणाला, आळेफाट्यावरून गाडी बदलत जाता येईल, पण मग सहा वाजतील, साडेसहासुद्धा. आईने घड्याळाकडे बघितलं. मग फलाटाकडे बघितलं. तिच्या पर्समध्ये एक तपकिरी लिफाफा होता. प्रवासभर ती मधूनमधून पर्स उघडून तो आहे ना, हे बोटाने चाचपत होती. आताही तिने चाचपला आणि आम्ही सात नंबरला जाऊन गाडीत बसलो.

संगमनेरला बाळूकाका राहायचे. पप्पांचे आतेभाऊ. त्यांचं टायरचं दुकान होतं.

राहुरी, कोल्हार, लोणी. प्रत्येक थांब्यावर आई कंडक्टरला विचारायची, गाडी वेळेत आहे ना. ऊस, पाट, पुन्हा ऊस. मी पुलांची नावं वाचत होते. आई माझ्याशी तेवढ्या वेळात एकच गोष्ट बोलली. संगमनेर आलं की तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोप आणि मी सांगेपर्यंत उठू नकोस. मी म्हटलं, मला झोप येत नाही. नाही आली तरी झोप, ती म्हणाली.

संगमनेरच्या स्टँडवर गाडी शिरली तेव्हा आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चिनूला पदराखाली घेतलं. मी झोपले. डोळे मिटून घेतले पण कान उघडे होते. गाडी पंधरा मिनिटं थांबणार, असं कंडक्टर ओरडला. माणसं उतरली, माणसं चढली. मग एक जोडी चपला सावकाश वाजत आली. कुणीतरी बाकं एकेक करून बघत येत होतं.

"वहिनी, नमस्कार."

बाळूकाकांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. त्यांच्या मागे दुकानातला एक माणूस उभा होता.

"दादाचा फोन आला होता. म्हणाला, पोरं उपाशी असतील, तेवढं बघ. चला, पान वाढलंय."

"भाऊजी, आम्हाला पुढं जायचंय," आई म्हणाली. "येताना नक्की येऊ. शब्द देते."

"येताना तर याच. पण आत्ता दारावरून उपाशी कसं जाऊ देऊ? दादा मला काय म्हणेल?"

आई म्हणाली की तिला पाचच्या आत एका ठिकाणी पोचायचं आहे, फार महत्त्वाचं आहे, नंतर ती स्वतःहून परत येईल. काका मान डोलवत सगळं ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी बिस्किटांचा पुडा चिनूसमोर धरला. चिनूने हात पुढे केला. काकांनी त्याला अलगद पदराखालून उचललं, कडेवर घेतलं आणि ते मागे वळले. आईने चिनूचा पाय धरला. पाय सुटला आणि त्याचं एक सँडल तिच्या हातात राहिलं.

काका आईला धरायला आले नव्हते. त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. चिनूला घेऊन ते फक्त खाली उतरले आणि गाडीच्या दाराशी उभे राहिले.

आईने कंडक्टरला सांगितलं, त्यांना माझा मुलगा परत द्यायला सांगा. कंडक्टरने खाली बघितलं. बिस्किट खाणारं पोर आणि हसतमुख गृहस्थ त्याला दिसले.

"ताई, घरचीच माणसं आहेत ना? मग? उतरताय का बसताय तेवढं सांगा, मला गाडी काढायचीय."

मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "जा बाई. कुणी एवढं न्यायला येतंय, नशीब लागतं."

आम्ही उतरलो. बॅग दुकानातल्या माणसाने घेतली. गाडी सुटली, तिची मागची पाटी मी वाचली. तिथूनही अकोलेच लिहिलेलं होतं. अकोले तिथून बावीस किलोमीटर होतं.

काकांच्या घरी आमरस-पुरी होती. पुष्पाकाकूंनी तासाभरात एवढं केलं होतं, हे त्या दोनदा म्हणाल्या. मी चार वाट्या रस खाल्ला. चिनूच्या पोटाला सोसणार नाही म्हणून त्याला दहीभात केला. आई ताटावर बसली, पण जेवली नाही. ती उठून स्वयंपाकघरात काकूंकडे गेली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. मी पाणी मागायच्या निमित्ताने दाराशी गेले.

"पोरं इथं राहू द्या," आई म्हणत होती. "मी एकटी जाते. एक सही करून परत येते. तुम्ही माझ्यासोबत हवं तर माणूस पाठवा."

काकू बराच वेळ पोळपाट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ह्यांना विचारते. बाहेर येऊन त्यांनी विचारलंही. काका म्हणाले, दादा येतोच आहे जीप करून, मग सगळेच जाऊ की, एकटीने कशाला हाल करून घ्यायचे.

आई व्हरांड्यात गेली. तिची चप्पल दारात नव्हती. ती इकडेतिकडे बघत होती म्हणून मी शोधली. चप्पल बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलेली होती. कुत्रं नेऊ नये म्हणून ठेवली असेल, असं मला वाटलं. मी स्टुलावर चढून ती काढत होते तेव्हा काका म्हणाले, "राहू दे बाळ, पडशील," आणि स्टूल घेऊन गेले.

मग आई येऊन भिंतीला टेकून बसली. समोर घड्याळ होतं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. चिनू तिच्या मांडीवर झोपला. काका-काकू टीव्ही बघत बसले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ऋजू, किती वाजले?"

"पाच वाजून चार मिनिटं," मी म्हटलं.

आईने चिनूला खाली सतरंजीवर ठेवलं. ती उठली, झाकून ठेवलेलं ताट तिने ओढून घेतलं आणि गार झालेल्या पुऱ्या खायला सुरुवात केली. एकामागून एक सगळ्या खाल्ल्या. रसाची वाटी पुसून घेतली. काकू म्हणाल्या, आता कसं बरं वाटलं.

पप्पा पाच चाळीसला आले. मला वाटत होतं ते रागावलेले असतील, पण ते हसत होते. त्यांनी आल्याआल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"काना नाही, मात्रा," ते म्हणाले. "शाबास."

मग ते आईसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. आईने पर्समधून लिफाफा काढून दिला. त्यांनी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि होत्या त्याच घड्यांवर नीट मिटलं.

"गृहपाल," ते बाळूकाकांना म्हणाले. "मुलींच्या वसतिगृहावर. राहायला क्वार्टर. छान आहे की. आधी सांगायचं ना, मी स्वतः आणून सोडलं असतं." मग त्यांनी तारीख वाचून दाखवली. "आज पाचपर्यंत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द. अरेरे."

बाळूकाका हसले.  पप्पा म्हणाले, निघालाच आहात तर नवस अर्धवट नको, दर्शन करूनच जाऊ.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखर शिर्डीला गेलो. मंदिराबाहेर फोटो काढून घेतला. पप्पांच्या हातात प्रसादाचं ताट आहे, चिनू आईच्या कडेवर आहे, मी मध्ये उभी आहे आणि चौघांच्या कपाळाला अष्टगंध आहे. घरी येणारे लोक अजून म्हणतात, किती गोड कुटुंब आहे. परतताना पप्पांनी मला नगरच्या बाजारातून एक भिंग घेऊन दिलं. पितळी कडं आणि लाकडी दांडा. जास्वंदीचे पुंकेसर मी पहिल्यांदा त्या भिंगाखाली पाहिले. आज मी वनस्पतिशास्त्रात जे काही करते त्याची सुरुवात कुठून झाली, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हे आहे.

घरी गेल्यावर काय झालं ते मी क्रमाने, वेळेसकट सांगू शकते. सांगत नाही. जुलैमध्ये आईचं तेच मनगट पुन्हा प्लास्टरमध्ये होतं. पावसाने फरशी ओली होती म्हणून घसरली, असं मी वर्गात सांगितलं. कुणी विचारलेलं नव्हतं. किल्ली आणायला मी दुकानात जात राहिले. पप्पा विचारत आणि मी सांगत असे, पण सांगायला काही उरलं नव्हतं. मी घरात शिरले की आई जे बोलत असेल ते थांबायचं. मला वाटायचं, ती मुळात कमी बोलणारी आहे.

मी एकोणीस वर्षांची असताना मालूमावशी पुण्याला माझ्या हॉस्टेलवर आली होती. तिच्याकडून मला सगळं कळलं. परीक्षेचा अर्ज तिच्या पत्त्यावरून गेला होता. नेमणुकीचं पत्रही तिच्याकडेच आलं आणि तिने ते साडीच्या पार्सलमधून वंदनामावशीकरवी आईकडे पोचवलं. ते हाती येऊन नवसाचं निमित्त जुळेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. आणि महिनाभर ती जी पत्रं पाठवत होती, ती पप्पांनी बघावीत म्हणूनच पाठवत होती. दोघींनी ठरवलं होतं. कुणाच्या कानावर गेलंच तर अकोल्याला गेलीय एवढंच जावं आणि शोधणाऱ्याने विदर्भाकडे तोंड करावं.

"तुझा बाप आला की मी त्याला चहा पाजत दोन दिवस बसवून ठेवणार होते," मालूमावशी म्हणाली. "आत्ता येईल, बाजाराला गेलीय, असं सांगत. मी दाराकडं डोळे लावून बसले. कुणी आलंच नाही."

तिला फोनचं माहीत नव्हतं. आईने तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी कामासाठी अकोले तालुक्यात होते. पठारावरच्या गवतांची नोंद करायची होती. एका दुपारी सवड होती म्हणून मी त्या वसतिगृहावर गेले. यादीतली पुढची बाई तेव्हा रुजू झाली होती आणि ती अजून तिथंच आहे. तिने मला चहा दिला. मुली अंगणात वेण्या घालत बसल्या होत्या. क्वार्टर बघू का, असं मी विचारलं. तिला नवल वाटलं, पण तिने दाखवलं.

बार्शीला गेले तेव्हा आईला सांगितलं. पप्पा दुकानात होते. आता घराला बाहेरून कुलूप लागत नाही, लावायची गरज उरलेली नाही. आई पावटे सोलत होती. मला वाटलं होतं ती ऐकणार नाही किंवा रडेल. तिने विचारलं, खोल्या किती आहेत.

"दोन," मी म्हटलं. "न्हाणी बाहेर आहे, पण नळ आत आहे."

"खिडक्या?"

"चार."

"आणि दार मागच्या अंगाला," ती म्हणाली. तिने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"नाही. दार पुढं आहे, पूर्वेला. मी होकायंत्र लावून बघितलं."

आईचे हात थांबले. सोललेले दाणे तिने मुठीत धरले होते.

"तू तुझं बघितलंस," ती म्हणाली. "माझ्या क्वार्टरचं दार मागं आहे. तिथून डोंगर दिसतो. शाळा सुटली की चिनू त्याच दारातून येतो, दप्तर टाकतो. तू पायरीवर बसून काहीतरी लिहीत असतेस."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असणार, कारण तिने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिलं. बऱ्याच वर्षांत तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

"एवढं तरी दुरुस्त करू नकोस," ती म्हणाली.